स्लाइड वाचताना ऐकलेली गाणी

ह्यूस्टनला लागून असलेल्या शुगर लँडच्या मराठी मंडळात डॉ. शुभा टिपणीस सगळ्यांना माहीत होत्या, पण त्यांच्या घरी फारसं कुणी गेलेलं नव्हतं. गणपतीत त्या डबा घेऊन यायच्या, मागच्या रांगेत बसायच्या आणि आरती झाली की पर्समध्ये गाडीची किल्ली शोधायला लागायच्या. लग्न केलेलं नव्हतं. का नाही केलं, हे विचारणाऱ्या बायका एकेक करून मुलांकडे राहायला गेल्या होत्या, आणि नव्या मुलींना तो प्रश्न पडतच नव्हता.

त्या पॅथॉलॉजिस्ट होत्या. पेशंटच्या शरीरातून काढलेल्या तुकड्याचा पातळ काप काचेच्या स्लाइडवर यायचा, तो मायक्रोस्कोपखाली बघून कॅन्सर आहे की नाही ते त्या लिहायच्या. पेशंटला सांगायचं काम दुसऱ्या डॉक्टरचं. चौतीस वर्षं त्यांनी हे केलं, आणि त्यातली बहुतेक एका बिनखिडकीच्या खोलीत.

पंच्याऐंशी साली नागपूरहून क्लीव्हलँडला आल्या तेव्हा त्यांची रूममेट कॅरन नावाची नर्स होती. पहिल्याच हिवाळ्यात एका शनिवारी तिने शुभाताईंना ओढत एका बारमध्ये नेलं. शुभाताई साडीवर दोन स्वेटर घालून, संत्र्याचा रस घेऊन कोपऱ्यात उभ्या राहिल्या. स्टेजवर चार जण होते. तीन मुलगे आणि मधोमध एक किडकिडीत मुलगी, केस डोळ्यांवर आलेले. बँडचं नाव ‘विंटर लॉन्ड्री’. गिटार आणि ड्रम्स इतके मोठ्याने सुरू झाले की शुभाताईंना बाहेर पळावंसं वाटलं. आणि मग ती मुलगी गायला लागली.

ती ओरडली नाही. एवढ्या कल्लोळात ती सावकाश गात होती, घरात कुणी नसताना बाई भांडी विसळत गुणगुणते तशी. शब्द निम्मेच कळले. कुणीतरी एकटी राहणारी बाई कामावर जाताना रेडिओ चालू ठेवून जाते, घराला वाटावं की आत माणूस आहे, असं काहीसं. शुभाताईंनी लहानपणी रडकी गाणी पुष्कळ ऐकली होती, पण त्यांत कोणीतरी सोडून गेलेलं असायचं. या गाण्यात कोणी गेलेलं नव्हतं. कोणी आलेलंच नव्हतं, आणि त्याबद्दल तक्रारही नव्हती. निघताना त्यांनी दाराशी ठेवलेली कॅसेट विकत घेतली.

पुढे बँडच्या आणखी दोन कॅसेट्स आल्या आणि बँड संपला. शुभाताई ह्यूस्टनला आल्या, कॅसेट्सच्या सीडी झाल्या, सीडीज फोनमध्ये गेल्या. स्लाइड्सचा ट्रे समोर आला की त्या गाणी लावायच्या. गाणारणीचं नाव नोरा व्हिटकम होतं, एवढंच त्यांना माहीत होतं. ती कशी जगते, कुणाबरोबर राहते, हे शोधावं असं कधी वाटलं नाही.

एक्याण्णव साली वडील गेले तेव्हा व्हिसाचे कागद अडकले होते. आता देश सोडलात तर परत येता येईलच असं नाही, असं वकिलाने सांगितलं. धाकट्या भावाचा, संजयचा, पहाटे फोन आला होता. त्या दिवशी शुभाताई आंघोळ करून कामावर गेल्या, दार लावून घेतलं आणि संध्याकाळपर्यंत दुसरी कॅसेट उलटसुलट करत राहिल्या. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

रिटायर झाल्यावर एक गंमतच झाली. गाणी होती, पण ती ऐकायला निमित्त उरलं नाही. सोफ्यावर बसून नुसती ऐकली तर ती सोसत नसत. दोन गाण्यांतच त्या उठून कपाट आवरायला लागायच्या.

मग यंदा जूनमध्ये बातमी वाचली की विंटर लॉन्ड्री एकदाच, ऑस्टिनला, पुन्हा वाजवणार आहे. रविवारी दुपारी तीन वाजता. सोमवारी सगळ्यांना कामावर जायचं असतं, अशी खाली तळटीप होती. शुभाताई स्वतःशीच हसल्या. मग त्यांनी धीर करून मंडळातल्या आसावरीला एक गाणं पाठवलं आणि येतेस का म्हणून विचारलं. मंडळात त्यातल्या त्यात तिच्याशीच त्यांचं बोलणं व्हायचं.

आसावरीने लगेच फोन केला. “शुभाताई, गाणं छान आहे हो, पण किती डिप्रेसिंग! तुम्ही एकट्या असताना असलं ऐकू नका बाई. आणि त्या दिवशी आमच्याकडे लेकीची, अनिकाची, ग्रॅज्युएशन पार्टी आहे. ऑस्टिन कॅन्सल करा आणि इकडेच या ना!”

“बघते,” शुभाताई म्हणाल्या. आणि एकच तिकीट काढलं.

अडीच-तीन तासांचा रस्ता. बाहेर शंभर डिग्री फॅरनहाइट ऊन. हॉलमध्ये बसायला खुर्च्या नव्हत्या, सगळे उभे. शुभाताई भिंतीला टेकून आजूबाजूला बघू लागल्या. पांढऱ्या केसांची माणसं, गुडघ्याला पट्टा बांधलेले एक गृहस्थ, कॉलेजातल्या काही मुली. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की जोडीने आलेले फार थोडे होते. बहुतेक जण दोन हात अंतर ठेवून एकेकटे उभे होते, आणि कुणाला त्याचं अवघडल्यासारखं वाटत नव्हतं.

नोरा व्हिटकम आली. अंगाने भरलेली, केस कापलेले, नाकावर चष्मा. आवाज दोन सूर खाली उतरला होता. तिसऱ्या गाण्यात ती शब्द विसरली, थांबली, आणि हॉलमधल्या शंभरेक लोकांनी ती ओळ हळूच म्हणून दाखवली. शुभाताईंनीही म्हटली. या गाण्याचा शब्द आपण कधी तोंडातून काढलेला नाही, हे त्यांना ते म्हणतानाच कळलं. स्वतःचा आवाज त्यांना अनोळखी वाटला.

कार्यक्रमानंतर नोरा एका टेबलामागे सह्या करत बसली. शुभाताई रांगेत उभ्या राहिल्या. काय बोलायचं ते गाडीत तीनदा ठरवलं होतं. पाळी आली तेव्हा त्यातलं काहीच आठवलं नाही.

“मी पॅथॉलॉजिस्ट होते,” त्या एकदम म्हणाल्या. “स्लाइड वाचताना मी तुम्हाला ऐकायची. चौतीस वर्षं.”

नोराने मान वर केली. “कसल्या स्लाइड?”

“कॅन्सरच्या. म्हणजे, असला तर.”

नोराने पेन खाली ठेवलं. “माझ्या आईची अशीच एक कोणीतरी वाचली होती,” ती म्हणाली. “डॉक्टरांनी आम्हाला फक्त कागद दाखवला. खाली एक सही होती, लागतच नव्हती. मला फार दिवस वाटायचं, हे लिहिणाऱ्या माणसाला त्या क्षणी काय वाटलं असेल? की काहीच नाही?”

मागच्या माणसाने घसा खाकरला. शुभाताईंनी क्षणभर विचार केला.

“आम्हाला चेहरा दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “नुसतं नाव आणि वय. पण वाईट निघालं की मी लगेच लिहीत नसे. चालू असलेलं गाणं संपू द्यायची. तेवढा वेळ त्या माणसाला आणखी मिळाला, असं आपलं माझ्या मनाला.”

नोरा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने शुभाताईंचा हात दोन्ही हातांत धरला आणि तसाच ठेवला.  शुभाताईंना आठवेना, आपला हात असा कुणी शेवटचा कधी धरला होता. मग रांग पुढे सरकली. सही घ्यायची राहूनच गेली.

परतताना वाटेतल्या ला ग्रेंज गावाजवळ त्या पेट्रोल पंपावर थांबल्या. आतल्या बेकरीतून कोलाची नावाचा, जर्दाळू भरलेला एक गोड पाव घेतला आणि गाडीत एसी लावून बसल्या. सात वाजले होते तरी ऊन हटलं नव्हतं. नागपूरला सोमवारची पहाट असेल. त्यांनी संजयला फोन लावला.

“काय गं, इतक्या सकाळी? बरी आहेस ना?”

“बरी आहे रे. गाण्याच्या कार्यक्रमाला गेले होते.”

“कुणाचं गाणं?”

“तुला नाही माहीत.” त्यांनी एसी थोडा कमी केला. “संजय, बाबा गेल्याचा तू फोन केलास ना, त्या दिवशी मी कामावर गेले होते.”

 पलीकडे लांबवर कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

“मला वाटलं, घरी रडत बसली असशील,” तो म्हणाला. “मी दिवसभर तुझ्या घरी फोन लावत होतो. तू उचलत नव्हतीस. आई म्हणाली, राहू दे, तिला रडू दे.”

“मला माहीतच नव्हतं तू फोन केलास ते.”

“तू काय केलंस मग तिथे?”

“चाळीस स्लाइड वाचल्या.”

 तो म्हणाला, “चुकल्या नाहीत ना गं एखाद्या?”

शुभाताईंना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. “नाही रे. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्या तपासल्या होत्या.”

“मग ठीक आहे. चल, मी फिरायला निघतो, नंतर ऊन होतं. पोचलीस की मेसेज टाक.”

त्यांनी डोळे पुसले, उरलेला पाव संपवला, मांडीवरचा चुरा झटकला. अजून दीड तासाचा रस्ता होता. ह्यूस्टन जवळ येईपर्यंत त्यांनी काहीच लावलं नाही. घरी पोचल्यावर दिवा लावला, चपला काढल्या आणि मेसेज टाकला. थोड्या वेळाने नागपूरहून एक अंगठा आला.