पहिल्या चलनावरचा श्री

चाकणच्या एका कारखान्यात मालाच्या गाडीसोबत जायचं चलन छापणारा प्रोग्राम मी लिहिला आणि महिनाभर मिरवून घेतलं. मग तो रोज सकाळी एकदा मान टाकायला लागला, तीही अख्ख्या कॉम्प्युटरसकट. पुन्हा चालू केला की दिवसभर गुणी बाळ.

मी कासारवाडीहून पोचेपर्यंत दहा वाजायचे आणि तेव्हा सगळं सुरळीत असायचं. मी मेमरी बदलली, प्रिंटर बदलला, वायरमनशी भांडले. फरक शून्य.

डिस्पॅचला मामा बसायचे. गावातल्या जुन्या घरातले, पन्नाशीनंतर टायपिंग शिकलेले. बाकीचे म्हणायचे, "मामांचा हात लागला की बंद पडतंय." मॅनेजरनं सांगून टाकलं, शनिवारपर्यंत सुधारलं नाही तर मामा परत गेटवर, वहीत गाड्यांचे नंबर लिहायला. मला आतून जरा बरंच वाटलं, हे कबूल करते. खापर फुटायला दुसरं डोकं मिळालं होतं.

तरी शुक्रवारी पहिल्या शिफ्टलाच जाऊन त्यांच्या मागे उभी राहिले. मामांनी चष्मा पुसला, पहिलं चलन उघडलं आणि शेऱ्याच्या रकान्यात सावकाश टाइप केलं: ॥ श्री ॥

पडदा निळा झाला आणि कॉम्प्युटर बंद.

"मामा, हे प्रत्येक चलनावर लिहिता?"

"न्हाई, दिसाच्या पयल्याच. श्री न लिवता काम सुरू करतं व्हय कुनी?"

"आणि बंद पडल्यावर परत नाही लिहीत?"

"एकदा लिवलाय की. देवानं वाचला आसंल."

"आधी तर असं होत नव्हतं."

"आदी मराठी अक्षरं कुटं येत व्हती? लेकीनं फोनवर शिकवलं, गेल्या म्हैन्यात. तवर मन मारून बसायचो."

तो रकाना मी फक्त इंग्रजी अक्षरांसाठी केला होता. मराठी अक्षर आलं की प्रोग्राम गांगरायचा. चाकणच्या माणसांसाठी लिहिताना कुणी मराठीत लिहील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि मी स्वतः दहावीपर्यंत प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर श्री काढलेला. फार लाज वाटली.

मॅनेजरला जाऊन सांगितलं, चूक मामांची नाही, माझी. दुपारपर्यंत दुरुस्ती केली. मामांनी परत श्री टाइप केला. प्रिंटर कुरकुरला आणि श्रीसकट चलन बाहेर आलं.

मामांनी ते नीट वाचलं. मग विचारलं, "म्याडम, ह्यो प्रोग्राम लिवायला घेतला, तवा तुमी श्री लिवला व्हता का?"

"नाही."

"मंग," मामा म्हणाले आणि पुढच्या चलनाला लागले.