काळी एक आणि माझा सा

धाकटे, परवा तू या आजीला फोनवर सांगितलंस की तू शाळेच्या गाण्यातून नाव काढून घेणार आहेस, कारण तुला गाता येत नाही. मलाही तुझ्या वयात हे पक्कं ठाऊक होतं. ते कसं ठाऊक झालं आणि पुढं काय झालं ते क्रमानं लिहिते. नाव काढायचंच असेल तर हे वाचून काढ.

आम्ही कळंबला राहत होतो. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती आणि वडील तहसीलीत कारकून होते. शाळा उर्दूतून मराठीत आली होती, मुलींना गायन हा नवा विषय लागला होता. तो शिकवायला आलेले गुरुजी सोनारीकडचे. देवळातल्या भजनाला पेटीची साथ करत करत शिकलेले, स्वभावानं मऊ. तासाला ते पेटीचा भाता सोडत, पहिल्या काळ्या पट्टीवर बोट ठेवत आणि म्हणत, "हं, काळी एक. लावा सा."

त्या सा मध्ये माझा आवाज बसत नसे. खालचे सूर आले की गळ्यातून नुसती हवा निघायची. घाबरून वरच्या सा पासून धरलं तर अंतऱ्यात किंचाळी. जाड आवाजाच्या मुली होत्या, त्या गाणं रेटून न्यायच्या. एकदा गुरुजींनी मला जवळ बोलावून हळूच सांगितलं, "बाळ, तू नुसते ओठ हलवत जा. एकेकीला नसतो गळा, त्यात वाईट वाटून घ्यायचं न्हाय." त्यांच्या मनात मायाच होती. मीही सुटल्यासारखी झाले आणि वर्षभर ओठ हलवले.

मग मुआयना ठरला. शाळेच्या तपासणीला आमच्याकडे तेव्हा हाच शब्द होता. साहेब येणार आणि गायनाच्या तासाला प्रत्येक मुलीला एकटीनं उभं करून गायला लावणार, असं सांगण्यात आलं. एकटीचे ओठ हलले तर ते सगळ्या वर्गाला दिसणार होतं. मला जेवण जाईना.

माझ्या बाकावरची मैत्रीण शेतकऱ्याघरची. रविवारी तिच्याकडे हरभऱ्याची डाळ भरडायची होती, म्हणून मी हाताखाली गेले. जात्याशी समोरासमोर बसलो.

"मुआयन्याच्या दिवशी मला ताप येणार आहे," मी म्हणाले.

"आदीच कळलं व्हय? पंचांगात निघालंय का?" तिनं पसाभर हरभरे जात्यात टाकले. "वड आता. आन् ओवी उचल."

"मला नाही येत."

"मग काय जातं मुआयना घेतंय तुजा? उचल."

जात्यावरची रीत अशी, की जी ओवी उचलेल तिच्या आवाजात समोरची मागं येते. मी उचलली. दगडाच्या घरघरीत आपला आवाज कुणाला ऐकू जातोय, असं वाटून मोकळेपणानं म्हणत गेले. दुसरी ओवी संपता संपता मैत्रिणीनं खुंटा घट्ट धरून जातं थांबवलं.

"गं, ह्यो आवाज शाळंत कुठं ठिवतीस?"

"शाळेत पेटी असते."

"मग तिला म्हण की, जरा वर ये."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिनं मला ओढतच गुरुजींपुढं नेलं आणि तीच ओवी म्हणायला लावली. गुरुजी ऐकत ऐकत पेटीवर एकेक पट्टी दाबून बघू लागले. एका ठिकाणी त्यांचं बोट थांबलं.

"काळी चार," ते म्हणाले. "इथं हाय तर तुझा सा. आन् मी तुला वर्षभर खाली उभं केलं."

त्यांचा चेहरा खुलला आणि लगेच उतरला. पेटीवरचा हात काढून त्यांनी मांडीवर ठेवला. "पण बाळ, मला काळी एकवरनंच वाजवता येतं. भजनात तेवढंच लागायचं. दुसरीकडनं माझी बोटं चालत न्हाईत." मोठ्या माणसानं 'मला येत नाही' असं म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. कुठं बघावं ते कळेना.

"मग चालवताव कशाला, गुरुजी?" मैत्रीण म्हणाली. "बोट नुसतं ठिवून बसा की. चालंल ती एकली."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिलं. मग काळी चार दाबली, तिच्यावरचा पंचम धरला आणि भाता हलवत राहिले. चाल नाही, नुसते दोन सूर. त्यांच्यावर पाय ठेवून उभं राहता येईल असे ते वाटले. मी पुन्हा गायले.

मुआयन्याला साहेब खुर्चीवर बसले. माझी पाळी आली तेव्हा गुरुजींनी तेच दोन सूर धरले आणि डोळे मिटून घेतले. मी म्हटलं. खालचा सूर आला आणि तो हवा नव्हता, सूरच होता. एवढंच मला आठवतं. साहेब म्हणाले, "ठीक. पुढची." मी खाली बसले तर हसू आवरेना. मैत्रिणीनं चिमटा काढला, "ताप उतरला जणू."

साहेब गेल्यावर गुरुजी व्हरांड्यात उपरण्यानं मान पुसत उभे होते. "मला वाटलं, साहेब म्हणतात आता, गुरुजी, नीट वाजवा की," असं म्हणून ते मोठ्यानं हसले. वर्षभरात त्यांना असं हसताना आम्ही पाहिलं नव्हतं.

पुढच्या तासाला त्यांनी 'लावा सा' म्हटलंच नाही. एकेकीला पेटीजवळ बोलावलं, तिचा सा शोधला आणि त्या पट्टीच्या वरच्या लाकडावर खडूनं बारीक रेघ ओढली. माझी रेघ काळी चारवर आली. मैत्रिणीची वेळ आली तेव्हा ते विचारात पडले, कारण ती कुठंही नेली तरी गातच होती.

"माझी कुठंबी वडा, गुरुजी," ती म्हणाली. "जागा उरंल तितं."