आप्पांच्या राजाची उडी

केंदूरचे आप्पा बुद्धिबळ खेळताना पटाकडे कमी आणि समोरच्याच्या तोंडाकडे जास्त बघत. तरुणपणी मेंढरं वळली, मग शेती केली. "कोन कुठं घुसणार त्ये आधी तोंडावर दिसतं," म्हणायचे. माझं तोंड त्यांना सहा वर्षं दिसत होतं. शिरूरला एसटीडी बूथसमोरच्या बाकड्यावर दर आठवडे बाजाराला मी त्यांच्याकडून हरत असे. मी हायस्कुलात गणित शिकवत होतो, हेही सांगून टाकतो.

सिसिलियन बचावाच्या चौदा खेळ्या मी पुस्तकातून पाठ केल्या होत्या. आप्पा दुसऱ्याच खेळीला कडेचं प्यादं एक घर सरकवत आणि विचारत, "ह्ये हाय का तुमच्या पुस्तकात?" नसायचं. उरलेल्या तेरा खेळ्या माझ्याकडे तशाच पडून राहत.

दौंडच्या स्पर्धेत आम्ही दोघांनी नावं दिली तेव्हा आप्पा म्हणाले, "मास्तर, तिथलं नियम सांगा मला." कारण बाकड्यावरचे नियम निम्मे पुस्तकातले, निम्मे गावाकडचे. शह बसला नसेल तर राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता येई. मी त्यांना राजा आणि हत्ती एकाच खेळीत हलवायचा किल्लेकोट समजावला आणि बाकीचे चार रविवार सिसिलियन शिकवण्यात घालवले. उडी तिथे चालत नाही, हे मला स्पर्धेच्या सकाळी एसटीत आठवलं. आप्पा डुलकी घेत होते. म्हाताऱ्या माणसाला कशाला उठवा, असं मी स्वतःला समजावलं. एवढा कनवाळूपणा मी आयुष्यात दुसऱ्यांदा दाखवलेला नाही.

तिसऱ्या फेरीत आमचीच जोडी लागली. मी हरायलाच आलो होतो. आप्पांनी शांतपणे राजा उचलला आणि अडीच घरं नेऊन ठेवला. "आप्पा, मागे घ्या," एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी हात वर करून पंचांना बोलावलं. ते म्हणाले, राजाला हात लावलाय, आता राजाच हलवा. त्याला एकच घर होतं, आणि तिथे पुढच्या खेळीला मात होती.

परतताना एसटीत आप्पांनी विचारलं, "येवढंच सांगायचं राहिलं व्हय?"

"राहिलं खरं," मी म्हणालो.

पुढे त्यांनी सगळ्या बाजारात सांगितलं, "मास्तरांनी दौंडात मला हरवलं." उडीबद्दल अवाक्षर काढलं नाही. लोक माझी पाठ थोपटत आणि मी थोपटून घेई.

आप्पा गेले तेव्हा केंदूरला भेटायला गेलो. त्यांच्याइतक्या प्रेमानं मला कुणी हरवलं नव्हतं. फार वाईट वाटत होतं. त्यांच्या मुलानं पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "ह्येच त्ये मास्तर. आप्पांना हरवणारे. आप्पा लई कौतुकानं सांगायचे."

"व्हय का?" एका पाहुण्यानं विचारलं.

मी तेव्हाही 'हो' म्हणालो.