देवघरातली फाइल

माझा मुलगा आल्हाद भैरवगढ़ला एका छपाई कारखान्यात आहे. लाकडी ठसा रंगात बुडवून कापडावर असा ठेवतो की जोड सापडू नये. अडीच वर्षांपूर्वी, ऐन तिशीत, त्याला जिभेचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, मग इंदूरला सहा आठवडे मानेवर रेडिएशन. घरी आला तेव्हा सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसायचा.

यंदा थंडीत तो भरू लागला. गाल वर आले. श्रेय अर्थातच मी घेतलं. बदामाचा शिरा, घरचं तूप, आणि भेटेल त्याला, ‘आता सेहत बनली बघा.’ फ्रीगंजच्या भाजीवालीलाही सांगून झालं. तिने विचारलं नव्हतं.

पण तो नऊ वाजेपर्यंत झोपायचा. मार्चमध्ये सगळ्यांचे पंखे सुरू झाले, तरी हा स्वेटरमध्ये. आवाज जड झाला. ठशांच्या ओळी वाकड्या जाताहेत, असा मालकांचा फोन आला. मी तोंडाने त्याला आळशी म्हणत होते आणि मनात म्हणत होते, परत आला. कॉलर नीट करायच्या निमित्ताने त्याच्या मानेवर गाठ शोधायचे. टी-शर्ट घातलेला असला तरी.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी जुनी फाइल मागितली. ती देवघरात होती, लाल कापडात, हळदकुंकू वाहिलेली. कुणी उघडायची नाही, उघडली तर आजार जागा होईल, असा माझाच हुकूम. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. आहे, हे इथे सांगायलाच नको होतं.

रिक्षाने जाऊन आणली. टेबलावर कापड सोडलं तर अक्षता सांडल्या. बाईंनी त्या बाजूला सारून शेवटचं पान माझ्यापुढे धरलं. मानेवरच्या रेडिएशनने थायरॉइड मंदावू शकतं, दर सहा महिन्यांनी रक्त तपासावं, असं स्पष्ट छापलेलं. आम्ही एकदाही तपासलं नव्हतं.

त्यांनी तोंड, गळा, मान नीट पाहिली. गाठ नव्हती. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला, थायरॉइड फारच मंद. सुस्ती, थंडी, फुगलेले गाल, सगळं त्याचंच. रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, बहुधा जन्मभर. माझ्या शिऱ्याचं नाव कुठेच नव्हतं.

परतताना रिक्षात आल्हाद म्हणाला, “आई, चार महिने तू माझी मान चाचपतेयस. मला समजत नव्हतं का?”

“मग बोलला का नाहीस?”

“मलापण तीच भीती होती ना. तू विचारशील, म्हणून थांबलो होतो.”

मला तेवढंच जमलं नव्हतं. भाजीवालीशी बोलून झालं होतं, देवाशी झालं होतं. पुढे गर्दीत रिक्षा अडकली, तेव्हा विचारलं, “गिळताना दुखतं का रे?”

“नाही. तोंड कोरडं पडतं, बस,” तो म्हणाला, आणि मग बाकीचंही एकेक करून सांगू लागला.