कशाचं?

"मॅनेजमेंट? कशाचं?" ऑकलंडच्या हिल्सबरोत, आमच्या भागात युनिव्हर्सिटीला निघालेल्या प्रत्येक मराठी मुलाला देवस्थळींनी हा प्रश्न विचारला होता. मुलं पाठीमागे त्यांना 'कशाचं-काका' म्हणत.

देवस्थळी माझे शेजारी. दूध पावडरच्या कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून त्यांनी चाळिशीत एमबीए केलं होतं, त्यामुळे त्यांच्या तुच्छतेला वजन होतं. "अठराव्या वर्षी बिझनेसची डिग्री म्हणजे भाजी चिरायच्या आधी फोडणी," ते म्हणत. "जळते, आणि घरभर ठसका." आमच्या मराठी मंडळाला हे झोंबे. तिथे पाच मिनिटांत आरती उरकून तासभर एकमेकांच्या पोरांच्या नोकऱ्या ओवाळल्या जात.

२०१४च्या डिसेंबरात आमच्या अंगणात बार्बेक्यू होता. देवस्थळींनी माझ्या नातीला, ईराला गाठलं.

"बिझनेस करणार म्हणे. कशाचा?"

"जस्ट बिझनेस, काका. हीप्स ऑफ पीपल करतात."

"मेंढरंही हीप्स आहेत इथे. तुला काय आवडतं?"

तिने जाळीवरचं कणीस उलटलं. मग म्हणाली, "हिस्ट्री."

"मग ते शिक. नंतर कुठेतरी चार वर्षं राब. वाटलं तर एमबीए कर. तोवर मॅनेज करायला काहीतरी हाताशी असेल."

ईराने दूर पामर्स्टन नॉर्थच्या युनिव्हर्सिटीत इतिहासासाठी अर्ज केला. "म्युझियमच्या दारात तिकिटं फाडणार का?" असं विचारून मी भरल्या ताटावरून उठलो, तो दोन दिवस जेवायला बसलो नाही. खोलीत चिवड्याचा डबा होता, हे कुणाला ठाऊक नव्हतं. ईरा रडली आणि ऑकलंडलाच बी.कॉम.ला गेली.

दुसऱ्या वर्षी तिने ते अर्धवट सोडलं, घर सोडलं आणि माझ्याशी बोलणंही. त्या गणपतीत मंडळातल्या एका विद्वानाने निदान केलं, "देवस्थळींनी पोरीच्या डोक्यात इतिहास भरवला, तिथेच ती बिघडली." सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी मोदक खात मान डोलावली. देवस्थळी शेजारच्याच टेबलावर पाण्याचे ग्लास भरत होते. त्यांनी ऐकलं, आणि उरलेले ग्लास भरले. पुढे आईबाप आपल्या मुलांना त्यांच्यापासून लांब ठेवू लागले.

२०१९मध्ये ते हॉस्पिटलात होते. मी भेटायला गेलो.

"देवस्थळी, मला माफ करा."

त्यांनी डोळे उघडले. "कशाची माफी?"

पोरांना विचारत तसंच विचारलं, आणि उत्तराची वाट पाहत राहिले. मला चिवडा आठवला, मोदक आठवला. तोंडून निघालं, "सगळ्याचीच."

"म्हणजे जस्ट माफी," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

त्याच आठवड्यात ते गेले. शोकसभेत मी त्यांच्या विनोदबुद्धीवर बोललो. टाळ्याही पडल्या.

कशाची माफी, ते आता वर लिहिलं आहे. मंडळ वाचेल तेव्हा वाचेल. ईराला मराठी समजतं, पण वाचता येत नाही. तिने फोन उचलला, तर हे तिला मीच वाचून दाखवायचं आहे.