पाळीवरचे वाटे

सिहोऱ्याकडच्या आमच्या गावात तलावाची मासळी निघाली की आम्हा मासेमार ढीवरांचा प्रमुख पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, वाटे लावतो. जितकी घरं, तितके वाटे. कोणी आजारी असो, विधवा असो, पाण्यात उतरलेलं असो वा नसो, त्याचा वाटा लागणारच. हे काम कित्येक वर्षांपासून आसारामकडे आहे. आता त्याचे गुडघे धरतात आणि भांडण म्हटलं की तो आधीच थकतो.

मध्यंतरी आमच्या पोरांना नसतं वेड लागलं. बाजारातल्या एका टोळक्याच्या नादी लागून तलवारी नाचवायच्या, परधर्माच्या लोकांच्या दुकानांवर दगड टाकायचे आणि मोबाइलवर मिरवायचं. मग परदेशी मदत घेऊन एक संस्था आली. पोरांना धंद्याला लावलं की ती मारामारी सोडतील, असं तिचं म्हणणं. विचार चांगलाच होता, उगाच नावं कशाला ठेवू? जाळी आली, डोंगा आला, मत्स्यबीज आलं. पण मिळणार कोणाला, तर टोळक्यात गेलेल्यांनाच! मासळीही त्यांनीच वाटून घ्यायची, म्हणजे मदतीचा फायदा दाखवता येईल.

विधवा रेवताबाईचा लिलाधर त्या टोळक्याच्या वाऱ्यालाही उभा राहिला नव्हता. तो जाळं मागायला गेला, तेव्हा संस्थेच्या रश्मी मॅडम हळहळल्या.

"तू चांगला मुलगा आहेस रे. ही योजना तुझ्यासाठी नाही."

त्या वर्षी रेवताबाई पाळीवर रिकामी टोपली घेऊन उभी राहिली.

"आसारामभाऊ, माहा वाटा काहून नाही?"

"मदत बंद होईन वो बाई. मी काय करू?"

आसारामला वाद नको होता, एवढंच. पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत त्याने त्या दिवशी मोडली, आणि मला त्याचा राग अजून येतो.

दिवाळीनंतर लिलाधर टोळक्यात दिसू लागला. होळीच्या सुमारास बाजारात दगडफेक झाली, एका म्हाताऱ्या दुकानदाराचा डोळा गेला आणि लिलाधरला पोलिसांनी नेलं. तेव्हापासून आसाराम रेवताबाईचं दार टाळून लांबच्या वाटेने तलावावर जायचा.

यंदा मात्र त्याने कोणालाच विचारलं नाही. प्रत्येक घराचा वाटा लावला, पहिला रेवताबाईचा. रश्मी मॅडम नुसत्या बघत होत्या. त्याही दमलेल्याच दिसत होत्या. जामिनावर सुटलेला लिलाधर आईसोबत आला होता. मॅडमनी त्याला जवळ बोलावून कोरं जाळं त्याच्या हातात ठेवलं. आता तो योजनेत बसत होता.

लिलाधरने जाळं थोडं उलगडून पाहिलं. मग तो आसारामकडे वळला.

"काका, हे मले भेटाव म्हनून त्या बुढ्याचा डोळाच जावा लागत होता काय?"