आतून दार बसवणारा सुतार

वसंताने मला फसवलं. डोंबिवलीत आमच्या गणेशोत्सवात तो पडद्यावर सिनेमा दाखवायचा आणि खुर्च्या माझ्या असायच्या. लोक बसेपर्यंत तो दरवर्षी एक छोटा विनोदी मूकपट लावायचा आणि मैदान भरलं की मध्येच बंद करून मोठा सिनेमा सुरू करायचा. त्या वर्षी मी सौदा केला होता: खुर्च्यांचं भाडं सोडतो, पण मूकपट शेवटपर्यंत दाखवायचा.

आज ठाण्यात, नौपाड्यातल्या माझ्या दुकानात जुना हॅलोजन दिवा लावला. तापलेल्या धुळीचा वास आला आणि ती संध्याकाळ प्रोजेक्टरसकट समोर उभी राहिली.

पडद्यावर एक सुतार खोलीच्या आत उभा राहून दार बसवत होता. दार पक्कं बसलं, पण कडी बाहेरच्या बाजूला, आणि दार ओढून लावताच ती आपोआप अडकली. दिग्दर्शकाने कॅमेरा एकदाही खोलीबाहेर नेला नाही. सुतार चिडला नाही. कोट झटकून, पाहुणा आल्यासारखा आतूनच दार वाजवत राहिला. लोक हसून लोळत होते. तेवढ्यात वसंताने प्रोजेक्टर थांबवला.

"अरे, शब्द दिलेलास ना?"

"प्रमुख पाहुणे आलेत रे. तुझा सुतार कुठे पळतोय? आतच आहे तो."

यावरही लोक हसले.

आता त्या सुताराचं मला हसू येत नाही. त्याला कुणी कोंडलं नव्हतं. हे दुकान मीही एकट्याने उभं केलं आणि कित्येक वर्षांत एक दिवसही ते सोडून कुठे गेलेलो नाही.

वसंता इथून जवळच, माजिवड्याला राहतो. रीळ त्याने घरी पूर्ण पाहिलेलं होतं. तो माणूस बाहेर कसा पडला, हे त्याने मला तोंडावर सांगावं. पडलाच नसेल, तर तेही सांगावं.